पुण्यातला वीकेंडचा गुन्हेगारीशास्त्राचा कोर्स: पैसे वसूल आहे का?

माणूस गुन्हा का करतो याचं नीट उत्तर हवं असेल तर हा कोर्स करा, सरळच सांगते. शनिवार-रविवार संध्याकाळी असतो, एका ट्रस्टच्या हॉलमध्ये, सगळं मराठीत, ऑनलाइन नाही, जाऊनच बसावं लागतं. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि शिकवणारी माणसं मनापासून काम करणारी आहेत.

मी पिंपरी-चिंचवड भागात आठवी ते दहावीला शिकवते. कोयता घेऊन रील, तलवारीने केक कापून 'भाईचा बड्डे', आणि मग एक दिवस पोलीस शाळेत चौकशीला, हे आमच्याकडे आता नवीन राहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये दोनच उत्तरं ऐकू येतात, एकतर 'रक्तातच आहे त्याच्या' नाहीतर 'घरची परिस्थिती'. या दोन वाक्यांवर एखाद्या पोराचं अख्खं आयुष्य ठरवून टाकतो आपण, त्याचा फार त्रास व्हायचा म्हणून नाव घातलं.

सुरुवात रक्तापासूनच झाली. इटलीतला डॉक्टर लोम्ब्रोसो, त्याने 1876 मध्ये मांडलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, जबडा, कपाळ, कान बघून ओळखता येतो. सरांनी जुन्या फोटोंच्या प्रिंट्स वाटल्या, काही कैद्यांचे, काही साध्या लोकांचे, आणि कोण कुठला ते लिहायला सांगितलं, वर्गात वकील होते, एक रिटायर्ड फौजदार होते, कुणालाच धड जमलं नाही. मग सांगितलं की इंग्लंडमध्ये गोरिंग नावाच्या तुरुंगाच्या डॉक्टरने हजारो कैद्यांची मोजमापं घेऊन बाहेरच्या माणसांशी ताडून पाहिली आणि 1913 ला छापलं की गुन्हेगाराची अशी वेगळी शरीराची ठेवण सापडत नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच निकाल लागलेला, आणि आपण अजून 'तोंडावरूनच कळतं' म्हणतो.

पण कोर्समधला सगळ्यात भारी भाग इथून पुढे आला, कारण सर इटलीत न थांबता थेट सोलापूरला आले. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमाती कायदा केला, लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्याही आधी, त्यामुळे हा कायदा त्याच्यावरून आला असं म्हणता येत नाही हे सरांनी बजावून सांगितलं, पण विचार तोच, की आईबापाच्या पोटातून गुन्हा येतो. अख्ख्या जमातीच्या जमाती नोंदवून टाकल्या, पोलिसाकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, आजही तिथल्या लोकांच्या तोंडात सेटलमेंट हाच शब्द आहे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला, म्हणून विमुक्त दिन, पण नंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि आजही गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जातात. ज्याला जमीन नाही, कागद नाहीत, कामावर कुणी ठेवत नाही, त्याला पुन्हा पुन्हा उचलायचं आणि मग म्हणायचं बघा हे असेच असतात. मला त्या संध्याकाळी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, खरंच. आमच्या शाळेत पारधी समाजाच्या पोरी आहेत, कुणाची पेन्सिल हरवली की त्यांच्या दप्तराकडे बघतात हे मी रोज पाहते.

बायोलॉजी तिथेच सोडून दिली असती तर मी म्हटलं असतं एकतर्फी कोर्स आहे, पण पुढच्या सेशनला मॅडमनी आताचं संशोधन घेतलं. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एक एन्झाइम असतं, एमएओए, नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात ते बनवणारा जीनच बिघडलेला होता आणि त्यातले पुरुष फार हिंसक वागायचे, 1993 चा पेपर. मग न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरात 1972-73 ला जन्मलेल्या हजारभर मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या मुलग्यांवरचा 2002 चा निष्कर्ष असा की ज्यांच्यात हे एन्झाइम कमी काम करतं आणि लहानपणी ज्यांना घरात मारहाण, छळ झाला, त्यांच्यात हिंसक वागणं जास्त दिसलं, पण नुसता तसा जीन होता आणि घर धड होतं त्यांच्यात तसं दिसलं नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. जीन आपल्या हातात नाही, पण पोराच्या पाठीवर पट्टा बसतो का नाही हे कुणाच्यातरी हातात असतंच ना! मॅडमनी हेही सांगितलं की एका जीनवर सगळं टाकू नका, नंतरच्या अभ्यासांत सगळीकडे इतकं स्वच्छ चित्र आलेलं नाही.

मानसशास्त्राच्या भागात केसेस आपल्याकडच्याच होत्या. रामन राघव, मुंबईत साठच्या दशकात फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा, त्याला फाशी झाली होती पण मानसिक आजारामुळे हायकोर्टाने 1987 ला ती जन्मठेपेवर आणली. आणि लगेच त्याच्या शेजारी जोशी-अभ्यंकर खून, पुणेकरांना वेगळं सांगायला नको, 1976-77, दहा खून, करणारे शिकलेले, कलेचे विद्यार्थी, 1983 ला येरवड्यात फाशी. तिथे ना वेड होतं ना उपासमार. 'घरची परिस्थिती'वाल्यांनी या केसवर काय बोलायचं? मॅडमचं म्हणणं, दोन्हीला एकच किल्ली लावायला जाऊ नका.

माझ्या कामाचं सगळ्यात जास्त मिळालं ते 1957 च्या एका थिअरीत, साइक्स आणि मॅट्झा या दोन अमेरिकनांची. ते म्हणतात गुन्हा करणाऱ्या पोरांना चूक-बरोबर कळत नसतं असं नाही, कळतं, म्हणून ते आधी मनाला पटवून घेतात, आणि पटवायचे पाच प्रकार आहेत. सरांनी ते पाचही आपल्या भाषेत बोलून दाखवले. 'माझा काय संबंध, मला नेलं म्हणून गेलो.' 'कुठं काय झालं त्याला, दोन टाके तर पडले.' 'त्यानीच खुन्नस दिली, त्याला पाहिजेच होतं.' 'पोलीस काय कमी खातात का?' 'भाईसाठी केलं, मित्रासाठी जीव पण देऊ.' अहो ही वाक्यं मी माझ्या वर्गात, मधल्या सुट्टीत, जशीच्या तशी ऐकलेली आहेत! आता असं वाक्य कानावर आलं की मी ओरडत नाही, बाजूला घेऊन विचारते, टाके त्याच्या आईने पाहिले तेव्हा ती काय म्हणाली असेल. दरवेळी उपयोग होतो असं नाही, पण एक मुलगा रडला आणि नंतर स्वतःहून बोलायला आला.

अजून एक दिलासा मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 1993 च्या मांडणीत मिळाला, की बहुतेक पोरं फक्त त्या वयापुरती वाहवत जातात आणि पुढे सुटतात, लहानपणापासून शेवटपर्यंत तसंच चालू राहणारी थोडी असतात. म्हणून विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं अठराच्या आतलं पोर, हा शिक्का आयुष्यभराचा होऊ नये, आणि म्हणूनच 2015 च्या बाल न्याय कायद्यातली, सोळा ते अठरा वयाच्या पोरांवर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवता येण्याची तरतूद काळजीपूर्वक वापरायची गोष्ट आहे, यावर वर्गात जोरदार वाद झाला, फौजदार काका अजिबात ऐकायला तयार नव्हते, आणि सरांनी त्यांनाही पूर्ण बोलू दिलं.

आता तक्रारी. व्हाइट कॉलर गुन्हे शेवटी दहा-पंधरा मिनिटांत उरकले, हे मला अजिबात पटलं नाही. हर्षद मेहता, सहकारी बँका बुडवणारे, चिटफंडवाले, यांनी जेवढी घरं धुळीला मिळवली तेवढी कुठल्या कोयतेवाल्याने नाही, आणि ते वगळलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात गुन्हेगार म्हणजे झोपडपट्टीतला पोरगा एवढंच राहतं. बायकांच्या गुन्ह्यांवर तर काहीच नव्हतं. बायोलॉजीच्या नोट्स इंग्रजीत, वर्गातल्या अंगणवाडीच्या ताईंना त्या वाचताच येत नव्हत्या. आणि एक सेशन हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्यावर कुणा पाहुण्याने घेतलं, ज्या वर्गात लोम्ब्रोसो खोडून काढला तिथेच हे कशाला? फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय मी हे सगळं.

हॉल छोटा आहे, पंखे आवाज करतात, पुढे बसा. सर्टिफिकेटचा नोकरीसाठी फारसा उपयोग नाही, त्यासाठी जाऊ नका. खुनाच्या थरारक गोष्टी ऐकायच्या असतील तरी जाऊ नका, कंटाळाल. शिक्षक, समुपदेशक, वकिली शिकणारी मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारे, वस्तीत काम करणारे, यांनी मात्र नक्की जा. शिक्षकांना फीमध्ये सवलत मिळते पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, तर फॉर्म भरतानाच विचारून घ्या.