१,१२,००० रुपयांचं 'अल्कलाइन' पाणी

हसायचं असेल तर हसून घ्या. एकतीस वर्षं मी बडोद्यातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. लिटमस, आम्ल, आम्लारी, सगळं. आणि दांडिया बाजारातल्या माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर मला पीएचच्या नावानं १,१२,००० रुपयांची टोपी बसली. (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलाइनचं माप. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कलाइन.)

पाणी 'अल्कलाइन' करणारं मशीन विकायला आलेला पोरगा मराठी बोलणारा. "काकू, तुमच्या हातचा चहा म्हणजे आईची आठवण." तिथेच मी निम्मी विरघळले. बाकी नाटक तुम्हाला ठाऊकच असेल. नळाच्या पाण्यात थेंब, हिरवं. आरओच्या पाण्यात थेंब, पिवळं. "बघा, रोज ॲसिड पिताय!" मग पिशवीतून बाटली निघाली, 'मशीनचं' पाणी पेल्यात पडलं, थेंब पडले आणि गर्द जांभळा रंग आला. ह्यांना छातीत जळजळीचा जुना त्रास, रोज रात्री गोळी. हे खुर्ची पुढे ओढून बसले.

बाटली त्याची. थेंब त्याचे. तो जांभळा पेला अजून डोळ्यांसमोरून जात नाही. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तरी तोच रंग येतो, हे मी किती पोरांना करून दाखवलंय! आरओच्या पाण्यातले क्षार निघालेले असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पीएच सातच्या जरा खाली येतो. त्यात घाबरण्यासारखं काय? पिण्याच्या पाण्याला ६.५ ते ८.५ चालतो, असं आपलं भारतीय मानकच सांगतं. "बाळा, आमच्या नळाचं पाणी तुझ्या मशीनमधून काढून दाखव आणि त्यात टाक थेंब" एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती हो, काय करणार!

४०,००० जागेवरच यूपीआयनं, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर (हे करू नका). उरलेल्या ७२,००० चा चेक. बिलावर जीएसटी नंबर नाही, तो मी पाहिलाच नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाकडे थेंब नव्हते. "ते साहेबांकडे असतात."

तीन आठवड्यांनी भाचीची मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी हळदीचे कागद करायला आली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणजे पाणी चांगलं अल्कलाइन असलं की हळद लाल. चुन्याच्या निवळीत कागद लालभडक. साबणाच्या पाण्यात लाल. मशीनच्या पाण्यात पिवळा तो पिवळाच. दुसऱ्या दिवशी पीएच पेपर आणून पाहिलं, सात आणि आठच्या मध्ये. आणि तो पोरगा सांगत होता ९.५! प्लंबरनं झाकण उघडलं तर आत कार्बनची नळी आणि पांढऱ्या-तपकिरी गोळ्या.

आणि ९.५ असतं तरी काय झालं असतं? हे गणित मी आधी करायला हवं होतं. पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहा पट फरक. जठरातलं आम्ल दोनच्या आसपास. नुसत्या पीएचचा हिशोब धरला तर एक पेला जठररस उदासीन करायला ९.५ चं पाणी तीनशेच्या वर पेले लागेल. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. पाणी विकणारा नाही. शुगर, कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मधुमेह, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

पोलिसांकडे गेले. दीड तास बाकावर बसवलं. मग, "बेन, तमे पोते टीचर छो ने?" (बाई, तुम्ही स्वतः टीचर ना?) आणि शेजारचा हसला. तक्रार घेतली नाही. पैसे तुम्ही राजीखुशीनं दिलेत, वस्तू मिळाली आहे, ही दिवाणी बाब. दुसऱ्या एका कार्यालयात म्हणाले, मशीन चालतंय ना, मग तक्रार कसली? तिसरीकडे पाण्याचा नमुना आणा म्हणाले, पण विकणाऱ्याच्या सहीनं सील केलेला. त्याचा फोन बंद, सही काय मी स्वप्नात घेऊ? ऑनलाइन तक्रार नवव्या दिवशी 'निकाली' दिसली. एक फोन नाही, एक ओळ नाही. आता ग्राहक आयोगात अर्ज टाकतेय. पीएचच्या पट्ट्या तारीख घालून वहीत चिकटवल्यात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं छापून ठेवलंय. तुम्हीही काही पुसू नका.

हे मात्र अजून त्याच मशीनचं पाणी पितात. म्हणतात, पैसे भरलेत ना. रात्रीची गोळीही चालूच आहे, त्याच पाण्याबरोबर.