डूम इमॅक्स रोज वापरल्यावर काय ठेवलं, काय काढून टाकलं

डूम म्हणजे इमॅक्स ह्या जुन्या टेक्स्ट एडिटरसाठी कोणीतरी आधीच जुळवून दिलेला सेटिंग्जचा संच. पहिल्या आठवड्यात डूम कोणालाही आवडतं. छान गडद थीम, खाली देखणी मोडलाइन (फाइलची माहिती दाखवणारी पट्टी), स्पेस दाबलं की पुढे काय काय दाबता येईल त्याची यादी आपोआप उघडते, आणि इमॅक्स असूनही पटकन सुरू होतं. आता बरेच महिने रोजचं काम ह्याच्यावरच चालू आहे, त्यामुळे थीमबिमचं कौतुक ओसरल्यावर काय उरतं ते लिहिते.

मी मूळची व्हिमवाली (तेही एक टेक्स्ट एडिटर), बोटं त्यातच बसलेली. पण इमॅक्समधलं ऑर्ग मोड (नोट्स आणि कामांच्या याद्यांसाठी) आणि मॅजिट (गिट वापरण्यासाठी) दोन्ही हवं होतं, आणि कोऱ्या इमॅक्सपासून स्वतःची कन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या फाइली, उभी करत बसले असते तर प्रत्यक्ष कामाला कधी लागले असते देव जाणे. हेन्रिक लिसनरचं डूम हे वेगळं एडिटर नाहीये, तुमच्याकडचं नेहमीचं ग्नू इमॅक्सच चालतं, फक्त त्यावर आधीच जुळवलेली कन्फिग आणि मॉड्यूल्स (एकेका सोयीचे चालू-बंद करता येणारे गट) येतात. व्हिमच्या कीज एव्हिल नावाच्या पॅकेजमधून मिळतात आणि त्या खरंच व्हिमसारख्या वागतात, दिखाऊ नाहीत.

इन्स्टॉल सोपं आहे, गिटवरून क्लोन करायचं आणि डूम इन्स्टॉल चालवायचं, मग चहा प्या कारण पॅकेजेस उतरवून कंपाइल व्हायला वेळ लागतो. नेटिव्ह कंपायलेशनवालं, म्हणजे लिस्प कोड थेट मशीन कोडमध्ये बदलणारं इमॅक्स असेल (आवृत्ती २८ पासून ते आलंय) तर सुरुवातीला सीपीयू तापतो, ते नॉर्मल आहे. एक गोष्ट मात्र आधी तपासा. होम फोल्डरमध्ये जुनं डॉट-इमॅक्स-डॉट-डी पडलेलं असेल तर इमॅक्स आधी तेच उचलतं आणि डॉट-कन्फिगमधल्या डूमकडे बघतही नाही, ते आधी बाजूला करा. रिपग्रेप (फाइलींच्या आत शोधायला) आणि एफडी (फाइली शोधायला) टाकलेलं असू द्या. काही राहिलं असेल तर डूम डॉक्टर कमांड सांगते, आणि चौकटी चौकटी दिसायला लागल्या तर आयकॉनचे नर्ड फॉन्ट टाकायचे राहिलेत असं समजा.

खरा विषय पुढे आहे. तुमच्या वाट्याला तीन फाइली येतात: इनिट, कन्फिग आणि पॅकेजेस. इनिटमध्ये मॉड्यूल्सची लांबलचक यादी, हवं ते चालू, नको त्यापुढे दोन सेमीकोलन. पायथनसमोर प्लस एलएसपी लिहिलं की त्या भाषेला लँग्वेज सर्व्हरचा, म्हणजे कोड समजून सूचना देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमचा, सपोर्ट जोडला जातो (सर्व्हर स्वतः मात्र वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग ऑटोकम्प्लीट का येत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात). इनिट किंवा पॅकेजेस बदललं की डूम सिंक चालवून रीस्टार्ट, नुसतं कन्फिग बदललं तर सिंकची गरज नाही. इतका नियम पाठ केला की अर्धे त्रास संपले.

उरलेले अर्धे त्रास क्रमाचे. आधी तुमची इनिट वाचली जाते, मग डूमची मॉड्यूल्स, मग तुमची कन्फिग. आता वाटेल की आपली कन्फिग शेवटी म्हणजे आपलंच चालणार, पण बहुतेक पॅकेजेस गरज पडेपर्यंत लोडच होत नाहीत, त्याचमुळे तर डूम पटकन उघडतं, आणि पॅकेज जेव्हा लोड होतं तेव्हा डूमची सेटिंग्ज मागाहून येऊन तुमच्या सेटिंगवर बसू शकतात. म्हणून पॅकेजचं सेटिंग आफ्टर मॅक्रोच्या आत लिहायचं, म्हणजे ते पॅकेज लोड झाल्यावरच लागू होतं. ऑर्ग डिरेक्टरीसारखे पाथ आणि डूमचे स्वतःचे व्हेरिएबल मात्र बाहेरच लिहायचे. डूम तयार करून देतं त्या कन्फिग फाइलच्या कॉमेंटमध्येच हे सगळं लिहिलेलं आहे, लोक ती कॉमेंट उडवून टाकतात आणि मग मदत मागत फिरतात.

माझं मत असं झालंय की डूममध्ये कस्टमायझेशन म्हणजे मुख्यतः काढणं. व्हिमवाल्यांना पहिला झटका नॉर्मल मोडमधल्या (जिथे कीज अक्षरं न लिहिता कमांड म्हणून चालतात) एस कीचा बसतो, ती एव्हिल-स्नाइप नावाच्या, अक्षर शोधून तिथे उडी मारणाऱ्या पॅकेजने घेतलेली असते, अक्षर बदलायला जाता आणि भलतीकडे उडी. पॅकेजेस फाइलमध्ये ते डिसेबल केलं, विषय संपला. कंस आपोआप बंद करणारं स्मार्टपॅरेन्सही मी हुकमधून (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शन्सची यादी) काढलं, मला ते मध्ये मध्ये करणाऱ्या पाहुण्यासारखं वाटतं. बाहेर पडताना विचारणा होते तीही बंद. लाइन नंबर रिलेटिव्ह केले, म्हणजे कर्सरच्या ओळीपासून मोजलेले. बाकी कीज मात्र जवळपास आहेत तशाच ठेवल्यात, प्रोजेक्ट बदलायला स्पेस पी पी, प्रोजेक्टभर शोधायला स्पेस एस पी, मॅजिटला स्पेस जी जी. आधी सगळं आपल्या सवयीचं करून घ्यायचा मोह होतो, पण ह्या कीजची रचना मुळात नीट विचार करून केलेली आहे, पी म्हणजे प्रोजेक्ट, जी म्हणजे गिट, एच म्हणजे हेल्प. आणि एखादी की नक्की काय करते ते स्पेस एच के दाबून विचारता येतं, फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे तिथपर्यंत जाता येतं. माझ्या मते हीच इमॅक्सची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि डूमने ती झाकलेली नाहीये.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी थोडं. इमॅक्स २७ पासून हार्फबझ (अक्षरं जोडून दाखवणारी लायब्ररी) आहे त्यामुळे जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात, पण देवनागरीसाठी फॉन्ट वेगळा सांगितलेला बरा, आणि ते सेटिंग मुख्य फॉन्ट सेट झाल्यानंतर चालणाऱ्या हुकमध्ये टाकायचं. टाइप करायला सिस्टिमचा मराठी कीबोर्ड लावलात तर नॉर्मल मोडमध्ये कीज चालत नाहीत, जे किंवा के दाबायला गेलं तर देवनागरी अक्षर जातं. त्याऐवजी इमॅक्सचीच देवनागरी आयट्रान्स किंवा इनस्क्रिप्ट इनपुट मेथड घ्या, इन्सर्टमधून (टाइप करायच्या मोडमधून) बाहेर आलं की एव्हिल ती आपोआप थांबवतं, परत इन्सर्टमध्ये गेलं की चालू. ऑर्गच्या टेबलमध्ये देवनागरी लिहिलं की रकान्यांच्या रेषा हलतात, कारण अक्षरांची रुंदी सारखी नसते. त्यावर व्हीअलाइन नावाचं पॅकेज आहे, चालतं ठीकठाक, मोठ्या टेबलात जड होतं.

न आवडलेलंही आहे. विंडोजवर थेट चालवाल तर मॅजिट आणि फाइल शोधणं संथ वाटतं, नवीन प्रोसेस उघडणं तिथे महाग पडतं, डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधल्या लिनक्समध्ये) चालवणं कितीतरी बरं. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या इमॅक्सला टर्मिनलमधला पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) दिसत नाही, मग तो साठवून ठेवायला डूम एन्व्ह चालवावं लागतं, आणि पाथ बदलला की परत. हजारो अक्षरांची एकच ओळ असलेली जेसन फाइल उघडली की अडखळतं, अर्थात हे दुखणं डूमचं नाही, इमॅक्सचंच जुनं आहे. आणि अडचण आली की ती नक्की इमॅक्सची, डूमची की पॅकेजची हे शोधणं हेच एक काम होऊन बसतं. इंटरनेटवर मिळालेला साध्या इमॅक्सचा तुकडा इथे चिकटवला तर चालेलच असं नाही, थोडं लिस्प (इमॅक्सची कन्फिग जिच्यात लिहितात ती भाषा) वाचता यायलाच हवं. सेटिंग्ज बदलायचे इमॅक्सचे कस्टमाइझचे मेनू वापरायचा विचार असेल तर तोही सोडा, डूमवाले स्वतःच नको म्हणतात.

अपग्रेडबद्दल. डूम बहुतेक पॅकेजेस ठरावीक कमिटला पिन करून, म्हणजे एका ठरावीक आवृत्तीवर थांबवून ठेवतं, त्यामुळे रोज सकाळी काहीतरी मोडलेलं असं होत नाही, ह्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देईन. तुम्ही हौसेने अनपिन केलंत तर पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. मी डेडलाइनच्या आठवड्यात डूम अपग्रेडला हात लावत नाही, स्वतःचा डूम फोल्डर गिटमध्ये ठेवते, आणि काही विचित्र वागलं तर इमॅक्स २९ मधला इनिट-डिरेक्टरीचा पर्याय वापरून रिकामा फोल्डर देते, म्हणजे कोरं इमॅक्स शेजारी उघडतं. तिथेही तसंच होत असेल तर डूमचा काही संबंध नाही, नसेल होत तर मॉड्यूल्स एकेक बंद करत जायचं.