टी-फोरला तिसरं पेडल: गॅरेजला पाचपैकी चार

लेस्टरला आमच्याकडे १९९९ची फोक्सवॅगन टी-फोर व्हॅन आहे. अडीच लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे फळ्यांचा पलंग, दोन बर्नरची शेगडी आणि कंपनीतूनच आलेला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन दोन लाख मैलांनंतरही पहिल्या चावीला उठतं. बॉक्सने मात्र गेल्या उन्हाळ्यापासून रंग दाखवायला सुरुवात केली. रिव्हर्स टाकला की आधी काहीच नाही, मग दोन-तीन सेकंदांनी कुणी मागून लाथ घातल्यासारखा झटका. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं. आणि वेल्समध्ये पेन-इ-पासच्या चढावर तर तिसरा गिअर धरला तो सोडेचना. बिघाड झाला की हा बॉक्स स्वतःला जपायला तिसऱ्यातच अडकून बसतो, हे मला तिथे, मागे सात गाड्यांची रांग लागल्यावर कळलं.

बॉक्स खोलून नव्याने बांधून द्यायचे एका ठिकाणी २,८०० पौंड सांगितले. व्हॅनची किंमतच पाच हजारांच्या आसपास. मग मित्राने या गॅरेजचा पत्ता दिला. एक माणूस, एक लिफ्ट, शेतातली शेड. गॅरेजवालाच म्हणाला, नाव लिहू नकोस, आधीच तीन महिन्यांची रांग आहे. तेव्हा कौतुकही बिननावाचंच.

त्याने आधी बॉक्सखालचं तबक उतरवलं. आतलं तेल काळं, आणि वास अगदी तव्यावर विसरलेल्या भाकरीचा. तबकातल्या लोहचुंबकावर काजळासारखा थर. त्यात बोट बुडवून त्याने वर्तमानपत्रावर रेघ ओढली आणि म्हणाला, हे तुझे क्लच. ऑटोमॅटिकमध्येही चकत्या असतात, त्या झिजून अशा तेलात उतरतात. तेल बदलून काही होणार नाही, हे त्याने तिथेच सांगून टाकलं. तेल बदलायचे पैसे घेऊन महिनाभर मला झुलवता आलं असतं.

मग ठरलं: ऑटोमॅटिक काढून क्लचच्या तिसऱ्या पेडलवाला मॅन्युअल बॉक्स बसवायचा. ‘गिअरबॉक्स बदलायचा’ म्हणजे एक डबा काढून दुसरा बसवायचा, एवढीच माझी समजूत होती. पण ऑटोमॅटिकला इंजिनमागे पातळ पत्रा असतो, त्यावर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून इंजिनचा जोर बॉक्सला पोचवणारा डबा. मॅन्युअलच्या क्लचला तिथे जडशीळ चाक, फ्लायव्हील, लागतं. पेडलचा अख्खा सांगाडा बदलावा लागतो, लिव्हर आणि त्याचे रॉड वेगळे, माउंटिंग वेगळं. म्हणून त्याने भंगारातली उजव्या स्टिअरिंगची एक मॅन्युअल टी-फोरच हेरली आणि सगळं एकाच गाडीचं उचललं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लचचे दोन्ही सिलिंडर आणि क्रँकचं मागचं, तेल अडवणारं सील मात्र नवं. बॉक्स उतरलेला असताना सील बदललं नाही तर पुढच्या वर्षी परत उतरवायला येशील, म्हणाला. वायरिंगमध्येही मेख आहे: ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तो स्विच जुन्या बॉक्सबरोबर गेला, म्हणजे ती वायर जोडून घ्यावी लागते. इंजिनच्या ईसीयूलाही, म्हणजे त्याच्या संगणकाला, आता ऑटोमॅटिक नाही हे लॅपटॉप लावून कळवावं लागलं.

बिल: भंगारातला संच ५२०, नवे भाग ४६०, मजुरी ९००. एकूण १,८८० पौंड.

मी साताऱ्यात काकांच्या महिंद्रा जीपवर शिकलो. ‘ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर’ हे खंबाटकीत ऐकत. बारा वर्षं डावा पाय बिनकामाचा होता, तरी पहिल्याच वळणावर त्याला सगळं आठवलं. टी-फोरचा लिव्हर लांब, काठीसारखा. दुसरा गिअर थंडीत थोडा कुरकुरतो, पण चढावर आता व्हॅन माझं ऐकते. पाचवा गिअर मिळाल्यामुळे मोटरवेवर इंजिनचा घसाही बसत नाही. गॅलनला २६-२७ मैल मिळायचे, आता ३३.

एक तारा का कापला? पाच दिवस सांगून नऊ दिवस लावले. गाडी घेऊन निघालो तर स्पीडोमीटर शून्यावर. बॉक्सवरच्या सेन्सरचा प्लग लावायचाच राहिला होता. परत गेलो, दोन मिनिटांत लावून दिला, चहाही पाजला. पण कॅमेऱ्यांच्या रस्त्यावर तेवीस मैल मी अंदाजाने गाडी हाकली, ते काही मला आवडलं नाही. विमा कंपनीला बदल कळवायची आठवण मात्र त्यानेच करून दिली. न कळवता चालवली असती तर दाव्याच्या वेळी पंचाईत.

आणि हो, अगदी पहिल्या भेटीत त्याने विचारलं होतं, ही व्हॅन घरात अजून कोण चालवतं? मी पटकन ‘मीच’ म्हणालो. बायकोने इथली टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलेली आहे, तिच्या लायसन्सवर ७८चा शिक्का आहे, म्हणजे मॅन्युअल चालवायची तिला परवानगीच नाही. हे माझ्या लक्षात आलं बिल भरून घरी आल्यावर, म्हणजे तिने लक्षात आणून दिल्यावर. थिअरी पुन्हा द्यावी लागत नाही, एवढाच दिलासा. सध्या रविवारी सकाळी ‘एल’ची पाटी लावून ती चालवते आणि मी शेजारी बसतो. काल चौकात व्हॅन तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, ‘काढलेला बॉक्स त्याने टाकून तर दिला नाही ना?’