डबल स्टँड लागतो का ते आधी बघा: ११० सीसी स्कूटरचे आठ महिने

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री सव्वाआठला पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या गल्लीत माझी गाडी सुरू होईना. सेल्फ दाबला की नुसती टक-टक, मीटरचा दिवा मिणमिणायचा आणि विझायचा. किक आहे ना, मग मारा किक, असं कुणीही म्हणेल. पण गाडी साइड स्टँडवर होती, आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांसारखं माझ्याही गाडीत साइड स्टँड खाली असला की इंजिन सुरूच होत नाही. तो वर घेऊन, गाडीवर बसून किक मारावी तर माझी उंची पाच फूट. एक पाय किकवर गेला की शंभरावर किलोची गाडी दुसऱ्या पायाच्या चवड्यावर. राहिला डबल स्टँड, म्हणजे गाडी सरळ उभी करणारा मधला स्टँड. तो मला लावता येत नव्हता. गाडी घेऊन तीन महिने झाले होते आणि मी तो एकदाही लावला नव्हता.

शेजारच्या वह्यांच्या दुकानातला मुलगा आला, पायाच्या एका दाबात गाडी उभी केली, चौथ्या किकला इंजिन लागलं. "मॅडम, आता घर येईपर्यंत बंद करू नका," म्हणाला. सिंहगड रस्त्याच्या प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद पडेल या धास्तीने मी वडगावपर्यंत आले. घरी आल्यावर रागाच्या भरात बरंच लिहून ठेवलं होतं. आता आठ महिने आणि साडेतीन हजार किलोमीटर झाल्यावर ते परत वाचलं, आणि त्यातलं निम्मं खोडून हे लिहितेय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सर्व्हिस सेंटरचा राग गाडीवर निघायला नको, आणि ११० सीसीच्या गाड्या या बाबतीत उन्नीस-बीसच आहेत. बहुतेकांची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास, वजन १०५ किलोच्या आसपास.

मी सत्तेचाळीस वर्षांची. इतकी वर्षं बसनेच गेले-आले. जून २०२५ मध्ये पीएमपी बसचा महिन्याचा पास ९०० वरून १५०० झाला, तेव्हा पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. रोजचे जाऊन-येऊन सतरा किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस. लिटरला ४५ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तरी हजार-सव्वाहजारात भागत होतं. विमा, ऑइल, टायर धरले तर फायदा फार राहत नाही हे मलाही दिसत होतं. पण संध्याकाळचा पाऊण तास वाचणार होता, आणि त्या पाऊण तासात माझी भाजी-पोळी होते.

आधी लायसन्स. एकाने सगळं करून देतो म्हणून तीन हजार सांगितले. नियमातली फी अशी: लर्निंगचे १५०, त्याच्या चाचणीचे ५०, पक्क्याच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००, वर कार्डाचे वगैरे थोडे. हजाराच्या आत होणाऱ्या कामाला तीन हजार द्यायचे माझ्या जिवावर आलं, म्हणून सगळं स्वतः केलं. आधारवर मोबाइल नंबर बरोबर असेल तर लर्निंग घरबसल्या निघतं. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग परीक्षा: पंधरा प्रश्न, नऊ बरोबर यायला हवेत. चिन्हांचे प्रश्न सोपे वाटतात आणि तिथेच चुकतं. 'थांबण्यास मनाई' आणि 'पार्किंगला मनाई' यांत मी चुकले: दोन तिरक्या रेघा म्हणजे थांबायचंसुद्धा नाही, एक तिरकी रेघ म्हणजे फक्त पार्किंग नाही. बाकी जमलं.

चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी एक ध्यानात ठेवावं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए लागतो. आणि लायसन्स किती वर्षांचं मिळणार ते वयावर ठरतं. तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर वयाच्या साठीपर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षं. मला दहा वर्षांचं मिळालं. "बघू पुढच्या वर्षी" करत पन्नाशी ओलांडू नका. दुसरं असं की चाचणी विनागिअर गाडीवर दिली तर लायसन्सही विनागिअरचंच मिळतं. त्यावर यांची मोटारसायकल चालवता येत नाही. मला ती चालवायचीही नव्हती.

लर्निंगनंतर निदान तीस दिवस थांबावं लागतं आणि ते सहा महिनेच चालतं. तेवढ्यात नणंदेच्या गाडीला लाल 'एल' लावून रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर सराव केला. नणंद मागे बसायची. ती एकच गोष्ट घोकून घ्यायची: "वहिनी, चाकाकडे बघू नका, जिथे जायचंय तिकडे बघा." इंग्रजी आठचा आकडा याच वाक्यावर निघतो. नजर खाली गेली की पाय खाली येतो. नोव्हेंबरात आळंदी रस्त्यावर फुलेनगरला चाचणी दिली तेव्हाही मी समोरच्या झाडाकडे बघत होते. पाय टेकला नाही. गाडीचे कागद, विमा, स्वतःचं हेल्मेट बरोबर न्या. तिथे कुणाकडे मागत फिरू नका.

गाडी घेतली दसऱ्याला, म्हणजे पक्कं लायसन्स यायच्या आधीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यात माझे जवळपास सहा हजार वाचले. शोरूमने 'हँडलिंग' नावाची एक रक्कम लावली होती. ती कशाची म्हणून लेखी मागितल्यावर बिलातून गेली. हे वाचलेले पैसे मी चांगल्या आयएसआय हेल्मेटवर घातले आणि त्याचं समाधान आजही आहे.

चूक झाली ती शोरूममध्येच. आम्ही काय बघितलं? पाय टेकतात का, डिकीत डबा आणि पर्स मावते का, रंग. पाय टेकले आणि मी हो म्हटलं. गाडी डबल स्टँडवर उभीच होती. तिथल्या मुलाने ती खाली काढून दिली, परत आल्यावर त्यानेच वर चढवली. "लावून बघू का?" हे माझ्या मनातही आलं नाही.

पेठांत गाडी वापरणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको. पी-वन पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या, बाजूला गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात. साइड स्टँडवरची कललेली गाडी दीड गाडीची जागा खाते. शेजारचा आपली काढताना तुमची ढकलतो आणि ती आडवी होते. माझी दोनदा झाली. डावा आरसा एकदा गेला, त्याचे पैसे माझेच. मंडईच्या पार्किंगमध्येही डबल स्टँडवरच लावायला सांगतात, आणि मी दर वेळी ओळखीचा चेहरा शोधत उभी.

जानेवारीत गाडी बंद पडली ती बॅटरीमुळे. तिचं पुढे काय झालं? सर्व्हिस सेंटर म्हणालं, बॅटरी झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. तीन महिन्यांत झिजते? मग म्हणाले, बॅटरीची वॉरंटी बॅटरीवाल्याची, तिकडे जा. तिकडे म्हणाले, विकणाऱ्याचा शिक्का नाही. दोन्हीकडे मिळून पाच खेपा, म्हणजे पाच अर्धे दिवस. शेवटी गाडीबरोबर मिळालेल्या कागदांच्या पिशवीत बॅटरीचं वेगळं कार्ड सापडलं. त्यावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर जुळला, लोड लावून तपासली, नापास झाली आणि अकराव्या दिवशी बदलून मिळाली. तेव्हा ती पिशवी आजच उघडा आणि बॅटरीच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. त्याच सर्व्हिस सेंटरच्या बिलात मला न विचारता ६५० रुपयांचं कोटिंग लावलं होतं. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी देताना लिहितात त्या कामांच्या यादीवर, माझी सही त्यासाठी नाही, हे दाखवून ते काढायला लावलं. मोफत सर्व्हिसिंग म्हणजे फक्त मजुरी मोफत. ऑइलचे पैसे द्यायचेच असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

आता खोडलेल्या भागाबद्दल. जानेवारीत मी लिहिलं होतं की ही गाडी बुटक्या बायकांसाठी नाहीच. ते चुकीचं होतं. फेब्रुवारीत पंक्चर काढायला घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घ्यायला सांगितली. म्हटलं, मला नाही लागत. ते काही बोलले नाहीत. खाली वाकून स्टँडची पिन बघितली, बोटाने पुसून दाखवलं: कोरडी, वर गंजाची लाल भुकटी. दोन थेंब ऑइल, मग ग्रीस. मग मागच्या चाकाची हवा बघितली: अठरा. माझ्या पुस्तिकेत एकट्यासाठी २९ आहे, मागे कुणी बसणार असेल तर ३६. हवा कमी असली की गाडीचं मागचं अंग खाली बसतं, आणि तेवढंच ते स्टँडवर जास्त उचलावं लागतं.

"ताई, तुम्ही गाडी ओढताय. ओढायची नाही, चढायचं," म्हणाले. डाव्या बाजूला उभं राहून डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचा आणि गाडी सरळ करत जरा हलवायची, जोवर स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागत नाहीत तोवर. दोन्ही लागल्याचं तळव्याला कळतं, डुगडुग थांबते. मग हात फक्त दिशा देतात. अंगाचं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाकून पायरी चढल्यासारखं चढायचं. गाडी आपसूक मागे सरकून बसते. चौथ्या वेळी ती बसली. टक् असा आवाज झाला आणि मागचं चाक अधांतरी फिरायला लागलं. मिस्त्रींनी पंक्चरचे तेवढे घेतले, बाकीचं काही घेतलं नाही.

म्हणजे निम्मा दोष कोरड्या पिनचा, तो पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये दिसायला हवा होता. उरलेला न शिकवण्याचा. गाडी देताना ॲप कसं जोडायचं ते वीस मिनिटं शिकवलं, स्टँडला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत. बॅटरीबद्दलही मत थोडं बदललंय. भाजीवाल्यापाशी थांबले की मी साइड स्टँड टाकायचे, इंजिन आपोआप बंद व्हायचं, आणि किल्ली तशीच चालू ठेवून भाजी निवडायचे. त्या दहा-दहा मिनिटांत मीटर, मागचा दिवा बॅटरीच खात होते. बॅटरी मुळात कच्ची होती हे खरं, पण माझ्या सवयीने ती लवकर उघडी पडली. आता किल्ली आधी, स्टँड नंतर.

बाकी गाडी गुणी आहे. ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजून ४७ पडतं, म्हणजे मी धरलं होतं त्यापेक्षा दोन जास्तच. ब्रेकचं मात्र समजून घ्या: एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या स्कूटरमध्ये डावा दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. सायकलवरून आलेल्यांना डावा म्हणजे फक्त मागचा, ही सवय असते. परवाच्या वळवाच्या सरीत स्वारगेटच्या अलीकडे रिक्षा आडवी आली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. तेव्हा मी मनापासून गाडीवर हात ठेवला.

मागच्या रविवारी सोसायटीतल्या दोघी गाडी बघायला शोरूममध्ये निघाल्या, मीही गेले. पहिल्या गाडीपाशीच मी तिथल्या मुलाला सांगितलं, ती खाली काढ आणि यांना स्टँडवर घेऊ दे, रोजच्याच चपला घालून. एकीला दुसऱ्या प्रयत्नात जमलं. दुसरीला त्या गाडीवर जमेना, शेजारच्या हलक्या गाडीवर जमलं, आणि तिने तीच बुक केली. माझं पुढचं सर्व्हिसिंग पंधरा तारखेला आहे. जॉबकार्डवर पहिली ओळ मीच लिहिणार: डबल स्टँडची पिन, साफ करून ग्रीस.