इंकस्केपचे आठ महिने: आंबा सुटला, काळा रंग अडकला

मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून एसटी पार्सलने घाट उतरून कोकम आगळाची 2000 लेबलं कुडाळात आली. गठ्ठा सोडला आणि डोकं फिरलं. खालच्या बारीक मजकुराला गुलाबी सावली. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही ओळ ताप चढल्यावर दिसावी तशी दुहेरी दिसत होती. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर मी इंकस्केपचं, म्हणजे रेषांनी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचं, कौतुकच करणार होतो.

कौतुकाला कारणही होतं. एप्रिलपर्यंत मी सगळी लेबलं गिंपमध्ये, म्हणजे फोटोसारखी ठिपक्यांची (पिक्सेलची) चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करायचो. गिऱ्हाईक असलेल्या काकांचं हापूसच्या पेटीचं 12 इंची लेबल 300 डीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) केलं होतं, म्हणजे रुंदी 3600 पिक्सेल. ऐन हंगामात काका म्हणाले, हेच टेम्पोवर 10 फुटी लाव. 3600 पिक्सेल 120 इंचांवर ताणले की इंचाला उरतात 30. फोटो लांबून खपतो, पण ‘देवगड’च्या ड ला जिन्याच्या पायऱ्या पडल्या होत्या. 10 बाय 4 फूट पुन्हा 300 ला करायचं तर 52 कोटींच्या आसपास पिक्सेल, आणि माझ्या कॉम्प्युटरला रॅम 4 जीबी. (फ्लेक्सला 72 डीपीआय पुरतात हे मला नंतर कळलं. तोवर दोन रात्री गेल्या होत्या.)

मग इंकस्केप घेतलं. फुकट, हा पहिला गुण. दरमहा भाडं भरायचं सॉफ्टवेअर मला परवडत नाही, कारण माझी कमाई दरमहा नसते. तोच आंबा रेषांनी काढला, आणि एकाच फाईलमधून पेटी, टेम्पो, व्हिजिटिंग कार्ड. रेषेत ताणायला पिक्सेलच नसतात, म्हणून कडा सगळीकडे सुरीने कापल्यासारख्या. मी तर जाहीरच करून टाकलं की आता रास्टर (पिक्सेलची चित्रं) बंद.

ते शब्द तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्यामुळे गिळावे लागले. त्याला सूर्यास्ताचा फोटो हवा होता. मी हट्टाने ट्रेस बिटमॅप केलं, म्हणजे फोटोच्या रेषा करून घेतल्या. रेषांचे हजारो बिंदू (नोड) झाले, मशीन गारठलं आणि समुद्र गोधडीसारखा दिसायला लागला. आता फोटो गिंपमध्ये, अक्षरं आणि लोगो इंकस्केपमध्ये. जोडाक्षरंही इंकस्केप नीट दाखवतं. फक्त प्रेसला देण्याआधी मजकूर पाथ (नुसते आकार) करून टाकायचा, नाहीतर तिकडच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंधुदुर्ग’चा रफार भलतीकडे जाऊन बसतो.

आता तो काळा रंग. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, निघते. प्रेसला ती सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शायांत, बदलावी लागते, आणि तुमचा साधा काळा चार शायांत फुटतो. प्रेसवाल्याने फोनवर आकडे वाचून दाखवले: 75, 68, 67, 90. बेरीज करा. 300 टक्के शाई, कशासाठी, तर 6 पॉइंटच्या सूचनेसाठी! चार शायांच्या चार प्लेट केसभर सरकल्या की अक्षरामागे भूत उभं राहतं. मोठ्या अक्षरांत ते लपतं, बारीक मजकुरात नाही. केशरीचंही तेच. स्क्रीनवर झळझळीत दिसणारा आंबा छापून आल्यावर काका म्हणाले होते, “ह्यो आंबो काय चिकू?” तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तिथेच जागं व्हायला हवं होतं.

प्रेसशी भांडलो. “तुम्ही दिलंत तेच छापलं,” तो म्हणाला. बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. पण प्रूफ न दाखवता 2000 छापली ही चूक त्याची, यावर मी अजून ठाम आहे. शेवटी निम्मा खर्च त्याने सोडला.

उपाय सापडला, तोही फुकट: स्क्रायबस, छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर. इंकस्केपची एसव्हीजी फाईल त्यात आणायची, रंग बदलण्याच्या खिडकीत तो आरजीबी काळा काढून 0, 0, 0, 100 द्यायचा, आंब्याला 0, 40, 100, 0, आणि पीडीएफ प्रिंटरसाठी काढायची. दर कामाला वीसेक मिनिटं जादा जातात. एका काळ्या रंगासाठी दोन सॉफ्टवेअर उघडावी लागतात याची चीड अजून गेलेली नाही. तरी इंकस्केप काढून टाकणार नाही.

नवी लेबलं परवा आली. काकांनी चष्मा लावून बारीक ओळ वाचली, काही बोलले नाहीत. जुना गठ्ठा माझ्याकडेच आहे. पाठ कोरी आहे, हिशेब लिहायला येतेय.