परसातल्या कोंबड्या: गावरान, कडकनाथ, असील की आरआयआर?

घरामागं थोडी मोकळी जागा आहे, आठ-दहा कोंबड्या पाळायच्यात, कुठली जात घेऊ असं कुणी विचारलं की लोक लगेच कडकनाथ सांगून मोकळे होतात. मी आधी एकच विचारतो, पिल्लं दरवेळी विकत आणणार की घरीच काढणार? कारण सगळा फरक तिथंच पडतो.

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, मग २१ दिवस अंड्यांवर, पुढं दीड-दोन महिने पिल्लांमागं, आणि तेवढ्या काळात तिच्याकडून एकही अंडं मिळत नाही, म्हणून वर्षाची बेरीज ६०-७० च्या आसपासच राहते. आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, अमेरिकेतली जुनी जात, तिच्यातली खुडूक बसायची सवय पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळपास घालवलेली आहे, म्हणून ती चांगल्या खाद्यावर २०० च्या पुढंही जाते. पण ते खाद्य रोज कोंबडीमागं ११०-१२० ग्रॅम घालावं लागतं, नुसतं खरकटं आणि उकिरडा यावर तिचं भागत नाही. गावरान मात्र दिवसभर उकरून किडे, दाणे, पाला शोधते, संध्याकाळी मूठभर ज्वारी-तांदूळ टाकले की झालं. घार वरून फिरायला लागली की पिल्लांना पंखाखाली घ्यायची जी घाई ती करते ना, ती मशीनमध्ये काढलेल्या पिल्लांच्या नशिबी नसते.

आता कडकनाथ. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातल्या भिल्ल-भिलाला लोकांनी जपलेली जात, तिकडं कालीमासी म्हणतात, आणि झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ ला जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद, मिळालं. उन्हात टिकते, काटक आहे, मांसात चरबी कमी असते हे खरंय, पण कुठल्या रोगावर औषध म्हणून कुणी विकत असेल तर त्यावर जाऊ नका. पाच-सहा महिन्यांत जेमतेम सव्वा-दीड किलो भरते आणि अंडी वर्षाला शंभरच्या आसपास. अंडं काळं नसतं बरं का, फिकट बदामी असतं, काळी अंडी म्हणून कुणी दाखवली तर सरळ उठून या. घेताना पक्षी हातात घ्या, चोच उघडून जीभ बघा, छातीवरची पिसं फुंकून खालची कातडी बघा, तुरा आणि पाय बघा, सगळं काळपट हवं, गुलाबी कातडी दिसली तर क्रॉस आहे. मुख्य अडचण म्हणजे ती खुडूक फारशी बसत नाही, त्यामुळं तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. आणि "पिल्लं आमच्याकडून घ्या, मोठी झाली की आम्हीच विकत घेऊ" असल्या स्कीममध्ये २०१९ ला पश्चिम महाराष्ट्रात किती शेतकरी बुडाले ते आठवा, घरच्यासाठी पाळा, कुणाच्या करारावर नको.

असील दिसायला राजबिंडा, उंच मान, आखूड तुरा, कोंबडा तीन-चार किलोचा, इंग्लंडच्या कॉर्निश जातीत याचंच रक्त आहे. कोंबडी उत्तम खुडूक बसते पण अंडी वर्षाला चाळीस-पन्नास धरा. दोन कोंबडे एका खुराड्यात राहूच शकत नाहीत, आणि झुंजी लावणं गुन्हा आहे. जागा भरपूर असेल आणि जातिवंत जनावराची आवड असेल तरच घ्या.

ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प पण बरेच जण विचारतात, स्वभावानं शांत, अंड्यांना चांगली, पण अंगानं जड आणि काळी, विदर्भातल्या उन्हाळ्यात तिला सावली आणि गार पाणी दिवसभर लागतं.

माझ्या मते पहिल्यांदा पाळणाऱ्यानं पाच-सहा गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा घ्यावा, घरात रोज अंडी हवी असतील तर जोडीला दोन-तीन आरआयआर. कडकनाथ दुसऱ्या वर्षी, तोपर्यंत कुठली कोंबडी अंड्यांवरून हलत नाही हे तुम्हाला कळलेलं असतं. शुद्ध जात ठेवायची तर तिचा कोंबडा-कोंबड्या वेगळ्या ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीत सगळा गोपाळकाला. जात कुठलीही असो, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नका, पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब आणि पुढं सहा-आठ आठवड्यांनी टोचायची लस, तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लसीची कुपी बर्फातून आणा आणि पाण्यात कालवली की लगेच वापरून टाका, उरलेली उद्यासाठी ठेवली तर तिचा उपयोग नाही.