सरकतं सॅडल: स्टीलवर स्टील की टेफ्लॉन?

आडवं प्रेशर व्हेसल (दाबाखालची टाकी) दोन सॅडलवर, म्हणजे खोगिरासारख्या आधारांवर बसतं. एक सॅडल घट्ट बांधलेलं असतं, दुसरं सरकतं. दोन सॅडलमध्ये ६ मीटर अंतर असलेलं कार्बन स्टीलचं व्हेसल २०० अंशांनी तापलं, तर सरकत्या टोकाला साधारण १४ मिलिमीटर हलावं लागतं. घर्षण आडवं येतं ते इथे. त्या सॅडलवरचा भार गुणिले घर्षणांक एवढं बल तयार होतं, आणि तेवढंच बल उलट दिशेने बांधलेल्या सॅडलच्या अँकर बोल्टांवर (पायात रोवलेल्या बोल्टांवर) येतं. सॅडलवरच्या व्हेसलसाठीच्या झिकच्या १९५१ च्या पद्धतीने शेलचे (व्हेसलच्या भिंतीचे) ताण काढले म्हणून हे बल हिशेबात येत नाही. ते वेगळं धरावं लागतं.

सरकत्या सॅडलवर २०० किलोन्यूटन भार धरू. स्टीलवर स्टील, घर्षणांक ०.४: बल ८० किलोन्यूटन. मध्ये टेफ्लॉनचा निसरडा थर, ०.१: फक्त २०. पेडेस्टल (सॅडलखालचा काँक्रीटचा खांब) २ मीटर उंच असेल तर त्याच्या तळाशी वाकवणारा मोमेंट १६० विरुद्ध ४० किलोन्यूटन-मीटर. सिव्हिलवाले टेफ्लॉनच मागणार, हे उघड आहे.

तरी लहान, हलक्या व्हेसलला मी स्टीलवर स्टीलच ठेवीन. बल मुळात कमी, शिवाय देखभालीवर काही अवलंबून नाही. मात्र घर्षणांक ०.३ धरून खूश होऊ नये. गंजलेल्या प्लेटला तो आकडा ठाऊक नसतो.

जड किंवा उंच पेडेस्टलवरच्या व्हेसलला टेफ्लॉन. पण ०.१ हा आकडा वापरायचा तर ड्रॉइंगवर त्याची किंमत मोजा: वर गुळगुळीत स्टेनलेस प्लेट, ती टेफ्लॉनपेक्षा मोठी, म्हणजे सरकल्यावरही धूळ पृष्ठभागावर बसत नाही. तापमानाची मर्यादाही बघा. सॅडलचा तळ खरोखर तापत असेल तर ग्राफाइटकडे वळावं लागतं.

वारा आणि भूकंपाच्या वेळी मात्र उलटा विचार. तिथे घर्षण मदतीला येतंय असं दिसतं, म्हणून ते शून्य धरा आणि लांबीच्या दिशेचं सगळं बल बांधलेल्या सॅडलवर टाका. हायड्रोटेस्टचं (पाणी भरून घेतलेल्या दाबचाचणीचं) वजन तापमानामुळे येणाऱ्या घर्षणाच्या हिशेबात गुणू नका. तेव्हा व्हेसल थंड असतं. पेडेस्टल बारीक आणि लवचिक असेल तर ते थोडं वाकूनच प्रसरण सामावून घेतं, सरकण्याची वेळच येत नाही. अशा वेळी भार गुणिले घर्षणांक ही फक्त वरची मर्यादा.

आणि सरकत्या बाजूचे नट. ते कुणी पूर्ण आवळून ठेवले, तर ०.१ आणि ०.४ दोन्ही कागदावरच राहतात. हाताने बसवून वर लॉकनट, आणि बोल्ट स्लॉटच्या (सॅडलच्या तळातल्या लांबट भोकाच्या) अशा टोकाला की व्हेसलला पुढे जायला जागा उरेल.